निवारा शेडचा प्रश्न

२८ जानेवारी

परवाच्या ग्रामसभेला एकोणीस माणसं होती. सरपंच सावित्रीताई, सदस्य, शिपाई आणि मी धरून एकोणीस. आंबेखोलच्या यादीत मतदार नऊशे बारा. सभा आटपल्यावर भाऊसाहेबांनी नेहमीप्रमाणे हजेरीचं रजिस्टर माझ्या हातात दिलं. "मनस्वी, जाताजाता घरोघरी सह्या घेत जा." भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. मी पंचायतीची ऑपरेटर. दाखले, नोंदी, कॉम्प्युटरवरचं जे काही असेल ते माझं.

पण ह्या वर्षी एक नवीन आहे. पुण्याच्या एका संस्थेने जिल्ह्यातली तीन गावं निवडली, त्यात आपण. "बोलकं गाव" नावाचं अ‍ॅप. गावातला कुणीही, कुठेही असला तरी, फोनवरून प्रश्न मांडू शकतो, चर्चा करू शकतो, मत देऊ शकतो. नाव लपवायचं असेल तर लपवता येतं. मुंबईत असलेली आपली अर्धी माणसं पण सभेत येणार! संस्थेच्या मृणाली मॅडमनी प्रशिक्षणात सांगितलं, रोज अनुभव लिहून ठेवा. त्यांना पाठवायचे ते वेगळे लिहिते. हे माझे.

५ फेब्रुवारी

त्रेचाळीस नोंदण्या. त्यातल्या वीस संदेश खडपेने करून दिल्या. तो गणपतीपासून मुंबई सोडून इथेच आहे, समुद्राकडच्या त्यांच्या घराचा होमस्टे करतोय. म्हणाला, "तुझं हे काम गावासाठी आहे मनू, मी पडेल ते करीन." पुढे होमस्टेचं ऑनलाइन बुकिंग पण तूच बघ म्हणाला. मी हसले. घरी येऊन दोनदा आरशात बघितलं, हे पण लिहून ठेवते.

त्याचे काका, लवूकाका, गणपतीपासूनच एसटीच्या निवारा शेडमध्ये राहतात. एक पत्र्याची ट्रंक आणि चटई. संदेश म्हणतो, म्हातारपणी डोकं फिरलंय, घरात थांबतच नाहीत. मला वाईट वाटतं. माझे बाबा आणि ते एकाच बोटीवर खलाशी होते. बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. नंतर काका सुट्टीवर आले की मला पडवीत बसवून बोटीवरची जुनी इंग्रजी मासिकं वाचायला लावायचे. माझं इंग्रजी त्यांचं. संदेशचे आईवडील पण लवकर गेले, त्याला यांनीच वाढवला. स्वतः लग्न नाही केलं.

शेडवरून जाताना हल्ली मी स्कूटी हळू करते आणि मान हलवते. थांबायला वेळ होत नाही.

१६ मार्च

शिमग्याला मुंबईकर आले आणि पालखी नाचत होती त्या चार दिवसांत पाचशे अडुसष्ट नोंदण्या! देवळाच्या मागे टेबल टाकून बसले होते. एकूण सहाशे अकरा. मृणाली मॅडमचा फोन, "मनस्वी, तिन्ही गावांत तू पहिली."

प्रश्न पण येऊ लागलेत. मोबाइलचा टॉवर. देवळासमोरचा दिवा. वहाळातला कचरा. आणि एक नाव लपवून आलेला, "सागरपुत्र" या टोपणनावाने: "निवारा शेड अडवून बसलेल्या इसमाबद्दल गावाने एकदा निर्णय घ्यावा." सोबत फोटो. लवूकाका शेडमध्ये झोपलेत, तोंड उघडं, लेंगा गुडघ्यापर्यंत वर गेलेला.

मी तो अडवून ठेवला. भाऊसाहेबांना विचारलं, ते म्हणाले संस्थेला विचार. मॅडम म्हणाल्या, "हे बघ, लोकांनी काय बोलायचं ते आपण ठरवायचं नसतं. तू एक अडवलास तर उद्या सगळे म्हणतील पंचायतच दाबते." बरोबर आहे त्यांचं. मी फोटोतला चेहरा पुसट केला आणि प्रश्न सोडला. चेहरा पुसून काय, ती ट्रंक सगळ्या गावाला ठाऊक आहे.

२२ मार्च

टॉवरच्या प्रश्नावर चौदा प्रतिक्रिया. दिव्यावर सहा. शेडच्या प्रश्नावर दोनशे अकरा.

"पोरी तिथे उभ्या राहत नाहीत." "वास मारतो." "मे महिन्यात पाहुणे येतील, आधी हे दर्शन." "त्याला महारोग लागलाय, बोटीवरून आणलाय, लांब राहा." एकाने लिहिलंय, "डेपोला सांगा, भंगार गाडीबरोबर घेऊन जा." त्याला एकशे चार पाठिंबे. गंमत म्हणजे त्यातले निम्मे विरारला आणि नालासोपाऱ्याला असतात, त्या शेडमध्ये वर्षातून दोनदा उभे राहतात.

आईला वाचून दाखवलं. ती कोलमाचे तांदूळ निवडत होती, वर न बघता म्हणाली, "गावकीत वाळीत टाकायचे तेव्हा माणसाला समोर उभा करायचे. टाकणाऱ्यांची तोंडं तरी दिसायची त्याला."

आईला मी समजावलं की ही चर्चा आहे, कुणी कुणाला वाळीत टाकत नाहीये. सहभाग एकाहत्तर टक्के झालाय.

२७ मार्च

आज लवूकाका पंचायतीत आले. दाढी केलेली, इस्त्री नसलेला पण धुतलेला सदरा. माझ्यासमोर खुर्चीवर बसले.

"मनू, माझ्यावर काय चर्चा चाललीय म्हणे. वाचून दाखव गो."

मी त्यातल्या त्यात बऱ्या होत्या त्या चारपाच वाचल्या. ते म्हणाले, "पुढचं?" मी म्हटलं एवढंच. त्यांनी खिशातून चष्मा काढला, एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि माझ्या हाताजवळचा माउस स्वतःकडे ओढला. दोनशे चाळीस प्रतिक्रिया एकेक करून वाचल्या. दीड तास. मधे दोन माणसं दाखल्याला आली, ती दारातूनच परत गेली. महारोगाची वाचली तेव्हा त्यांनी स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले.

मग म्हणाले, "हा सागरपुत्र म्हणजे आमचा संदेश."

"कशावरून काका?"

"तीन ठिकाणी 'तथापि' लिवलंय. गावात दुसरं कोण लिवतं? मीच शिकवलाय त्याला, अर्ज लिवायला."

त्यांना स्वतःचं मत लिहायचं होतं. फोन नाही, म्हणून आईच्या नंबरवर नोंदणी करून दिली. नियमात बसतं की नाही माहीत नाही. दोन बोटांनी टाइप केलं त्यांनी, मी हात लावला नाही:

"मी लवू सीताराम खडपे. घर क्रमांक ११४ माझ्या नावावर आहे. पुतण्याने त्याच्या नावावर करायला सही मागितली. मी नाही म्हटलं. गणपती विसर्जन करून परत आलो तेव्हा दाराला दुसरं कुलूप होतं. मला शेडमध्ये राहायची हौस नाही. कुलूप काढा, मी आजच शेड सोडतो."

ते गेल्यावर मी घरांच्या नोंदी उघडल्या. ११४, लवू सीताराम खडपे. बरोबर आहे. त्याच फाइलला नाव बदलण्याचा संदेशचा अर्ज जोडलेला आहे, मालकाची संमती यायची आहे म्हणून थांबलेला.

भाऊसाहेबांना दाखवलं. ते चहा पीत म्हणाले, "हा घरगुती वाद. शेडचा विषय वेगळा, घराचा वेगळा. मिसळू नको."

२८ मार्च

एखाद्या प्रतिक्रियेवर वीस तक्रारी आल्या की अ‍ॅप ती आपोआप झाकतं. काकांची नऊ तासांत झाकली गेली. आता तिथे राखाडी पट्टी दिसते: "गावकऱ्यांच्या विनंतीवरून ही प्रतिक्रिया झाकली आहे." भंगार गाडीवाली तशीच आहे, तिच्यावर कुणी तक्रार केली नाही.

मला ती परत उघडता येते. एक बटण आहे. मॅडमना विचारलं. "नाव घेऊन आरोप केलाय ना? मग नको गं, उद्या कोर्टबिर्ट झालं तर."

संध्याकाळी संदेश आला, ओले काजू घेऊन. माझ्या टेबलाच्या कडेला टेकून बसला. "मनू, ज्याने मला शाळेत सोडलं-आणलं त्याला मी घराबाहेर काढीन? तुला वाटतं असं?" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी म्हटलं, नाही वाटत. विचारायचं होतं की दुसरं कुलूप का लावलंस, पण तो म्हणाला, चल तुला समुद्राकडची खोली दाखवतो, रंग कुठला द्यायचा ते तू सांग.

मी फिका निळा सांगितला.

काजूची आमटी आईने केली, पण जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली.

८ एप्रिल

मतदानासाठी पर्याय तयार करायचे होते. ते माझं काम. मी लिहिले:
अ) वृद्धाश्रमात सोय बघणे. आ) नातेवाइकांनी सांभाळणे. इ) गावाबाहेर सुरक्षित ठिकाणी पोहोचवणे. ई) आहे तसंच चालू ठेवणे. उ) घर क्रमांक ११४ चं कुलूप उघडायला लावणे.

फोनच्या स्क्रीनवर चारच दिसतात, पाचवा खाली सरकवल्यावर दिसतो. मॅडम म्हणतात चारपेक्षा जास्त असले की लोक गोंधळतात. पाचवा खोडला. तसाही "आ"मध्ये तो येतोच की. सांभाळायचं म्हणजे घरात घेऊनच सांभाळणार ना.

१८ एप्रिल

मतदान संपायला पाच दिवस. आज काका मत द्यायला आले. मी आईच्या फोनवर पर्याय उघडून दिले. बराच वेळ बघत होते. बोट एकदा "आ"वर नेलं, मागे घेतलं.

"त्याच्याच हातात द्यायचं मला, असं म्हणतंय हे?"

"तसं नाही काका..."

"ह्यात माझं काय नाय गो," म्हणाले आणि फोन माझ्या हातात ठेवून गेले. दारात थांबून विचारलं, "आईचे गुडघे कसे हायत?" मी म्हटलं बरे आहेत.

आईच्या नंबरावर आता रोज सकाळी अ‍ॅपचा मेसेज येतो: "तुमचं मत अजून आलेलं नाही. गाव तुमची वाट पाहत आहे." आईने फोन बंद करून कणगीवर ठेवून दिलाय.

२३ एप्रिल

निकाल. एकूण मतं पाचशे अडतीस. अ) एकसष्ट. आ) चव्वेचाळीस. इ) चारशे दोन. ई) एकतीस.

पाचशे अडतीस! ग्रामसभेला एकोणीस होते. मॅडमनी व्हिडिओ कॉलवर सगळ्या ऑफिसला टाळ्या वाजवायला लावल्या. सावित्रीताईंना निकाल दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला. त्या रोज दुपारी शेडवर भाकरी पाठवतात. म्हणाल्या, "चारशे दोन? अगं, ह्यातल्या चाळीस जणांनी तरी त्याच्या बोटीवरची बिस्किटं खाल्लीयत लहानपणी." मग म्हणाल्या, "पण एवढ्या लोकांपुढे मी कोण?"

१ मे

झेंडावंदन आणि ग्रामसभा. तेवीस हजर. ठराव भाऊसाहेबांनी लिहून आणला होता: "सदर व्यक्तीचे त्यांच्या स्वखुशीने योग्य ठिकाणी स्थलांतर करण्यास गावाने सहकार्य करावे." सूचक, अनुमोदक, चार मिनिटांत मंजूर.

काका मागच्या बाकावर होते. सावित्रीताई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "लवूभाऊ, गावाचं म्हणणं आलंय."

काका उभे राहिले. सगळीकडे एकदा नजर फिरवली, खिडकीतून बाहेर पण. "गाव कुठाय?" म्हणाले. "मला तर तुम्ही तेवीस दिसता. आता आलायसा तर सांगा तोंडावर. कोणाला नको हाय मी?"

मग एकेकाचं नाव घेऊन विचारलं त्यांनी, तेवीसच्या तेवीस जणांना. "बाबल्या, तुला?" बाबल्या शिपाई म्हणाला, "मला कशाला नको असाल काका." दुसरा म्हणाला, "माझं काय नाय बुवा." तिसरा हसला. संदेश म्हणाला, "काका, घरी बोलू आपण." माझ्यावर आले तेव्हा म्हणाले, "मनू, तुला?"

मी म्हटलं, मी ऑपरेटर आहे काका, मला मत नसतं.

ते खाली बसले. भाऊसाहेबांनी पुढचा विषय घेतला. नळजोडण्या.

४ मे

अंमलबजावणीचा फोटो लागतो, त्याशिवाय अ‍ॅपवर प्रश्न बंद होत नाही. म्हणून सकाळी साडेआठला शेडवर गेले.

संदेशचा टेम्पो उभा होता. मला त्याने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, पोफळीकडे एका ओळखीच्या आश्रमात सोय केलीय. चिपळूणच्या दोन वृद्धाश्रमांनी कागदपत्रं नाहीत म्हणून घेतलं नाही.

काकांनी आंघोळ केली होती. केसांना तेल. ट्रंक, चटई, दोरीवरचे कपडे, सगळं बांधून तयार. मला बघून खूश झाले. जवळ बोलावलं.

"मनू, झालं एकदाचं. पोरगा काल येऊन रडला. म्हणाला, सही द्या काका, कुलूप काढतो, चला घरी. दिली सही. मेल्यावर त्याचंच होतं की गो, मीच उगाच हट्टाला पेटलो. खोलीला रंग काढलाय म्हणतो. निळा."

संदेश ट्रंक चढवत होता. त्याने माझ्याकडे बघितलं.

"तुझ्या आईला घेऊन ये रविवारी," काका म्हणाले. "पडवीत बसू. मी चहा करतंय."

मी म्हटलं, येते.

मग मी फोटो काढला. टेम्पोत पुढे बसलेत, मांडीवर चटई, हसतायत. इतका चांगला फोटो त्यांचा माझ्याकडे दुसरा नाही.

शेडपासून त्यांचं घर उजवीकडे, उताराने पाच मिनिटं. टेम्पो तिठ्यावर डावीकडे वळला, दापोलीच्या रस्त्याला. वळताना काकांचं डोकं खिडकीतून बाहेर आलं, मागे वळून उताराकडे बघत होते. मला वाटतं हात पण हलवला. संदेश आधी काही सामान घेऊन मग घरी नेणार असेल, असं मला त्या वेळी वाटलं. किंवा वाटून घेतलं. मला खरंच आठवत नाही.

पंचायतीत येऊन फोटो चढवला. हिरवी खूण आली: "प्रश्न सुटला." जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीनशे अठरा टाळ्या.

६ मे

आईने विचारलं, लवूभाऊंना कुठल्या आश्रमात ठेवलंय, जाऊन येऊ. मी संदेशला विचारलं. तो म्हणाला, "नाव लक्षात नाही, मित्राच्या ओळखीतलं आहे." आईला मी सांगितलं, लांब आहे, तुझ्या गुडघ्यांना एसटी सोसायची नाही.

ती माझ्याशी बोलत नाहीये. जेवण वाढते, पण बोलत नाही.

१९ मे

घर क्रमांक ११४ ची नोंद बदलली. संमतीपत्रावरची सही काकांचीच आहे, मी ओळखते. भाऊसाहेबांनी शिक्का मारला, मी कॉम्प्युटरवर जुनं नाव काढून नवं टाकलं. सगळं नियमाने झालं. कुणी काही म्हणू शकणार नाही.

शेड धुऊन रंगवली. कोपऱ्यात तीन मुली उभ्या असतात आता, फोन बघत. म्हणजे फायदा झालाच की. हे मी अहवालात लिहिलं.

२५ मे

होमस्टेचं उद्घाटन. गेले होते, आईची मोरपंखी साडी नेसून. दारात ठाण्याची राही म्हणून एक मुलगी पाहुण्यांना कोकम देत होती. संदेशने ओळख करून दिली, "ही राही. आमचा साखरपुडा दिवाळीत झाला, मनूला सांगितलं नव्हतं का मी?" बुकिंग तीच बघते. खोलीचा निळा रंग तिला फार आवडला म्हणाली, मला विचारलं कुणी सुचवला.

परत येताना मी तिठ्यावर स्कूटी थांबवून थोडी रडले. माझ्यासाठी रडत होते, हे लिहायला लाज वाटते.

२९ मे

दापोलीला कार्यक्रम. "सर्वाधिक सहभागाचं गाव" म्हणून आंबेखोलचं नाव पुकारलं. शाल, श्रीफळ, हापूसची पेटी. मृणाली मॅडमनी पडद्यावर आकडे दाखवले आणि शेवटी काकांचा हसतानाचा फोटो. म्हणाल्या, "या चेहऱ्यावरचं समाधान बघा. हे गावाने मिळून दिलंय." सभागृह उभं राहिलं. सावित्रीताई आल्या नव्हत्या, तब्येत बरी नाही म्हणून कळवलं होतं.

पुढच्या टप्प्यात अकरा गावं. त्यांच्या ऑपरेटरांना मी मार्गदर्शन करायचं. फोनवरून.

१२ जून

आज मोरखिंडीची सानिका, तिकडची नवी ऑपरेटर, हिचा फोन आला. पोफळीच्या अलीकडचं छोटं गाव. बारावी होऊन वर्षच झालंय तिचं, आवाजात घाई.

"ताई, पहिलाच प्रश्न आलाय आमच्या अ‍ॅपवर आणि मला कळत नाहीये घेऊ की नको. माणसावर आहे ताई. एक म्हातारे आहेत, महिन्याभरापूर्वी कुणीतरी फाट्यावर उतरवून गेलं. एक ट्रंक आहे. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात असतात. आता शाळा सुरू होणार ना, तर लोक म्हणतात..."

"काही बोलतात का ते?" मी विचारलं.

"गावाचं नाव विचारलं तर गप्प बसतात. पोरांना इंग्रजी वाचायला लावतात मात्र. आणि कुणी गाडी घेऊन आलं की ट्रंक उचलून उभे राहतात. वेडे नाहीत वाटत ताई. पण लोकांनी फार वाईट लिहिलंय. फोटो पाठवू का? तुमच्या बाजूचे कुणी असले तर."

फोटो आला. व्हरांड्याच्या खांबाला टेकून बसलेत. दाढी वाढलीय. चष्म्याला आता दोन्ही काड्या नाहीत, दोरा सरळ कानांमागून डोक्यावर बांधलाय. कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, रस्त्याकडे बघतायत.

"ताई? ओळखता का?"

बाहेर दाखल्याला दोघं उभे होते. भाऊसाहेब पलीकडे फोनवर होते. आंबेखोलचं नाव परवाच वर्तमानपत्रात आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "पाठिंबे किती आहेत प्रश्नाला?"

"एकशे बारा."

"मग घे," मी म्हटलं. "चेहरा तेवढा पुसट कर."